आयत्या पिठावर दालचिनी

आयत्या पिठाचे दालचिनी-साखरेचे पदार्थ हा अमेरिकन स्वयंपाकघरातला एक स्वतंत्र वर्ग आहे. पुठ्ठ्याच्या नळकांड्यात दाबून भरलेले मळलेले पीठ दुकानातून आणायचे, लोण्यात बुडवायचे, दालचिनी घातलेल्या साखरेत घोळवायचे आणि ओव्हनमध्ये ढकलायचे, एवढीच त्याची कृती. वेळ पंधरा मिनिटे, असे सांगितले जाते. दुकानात जाणे, चुकीचे नळकांडे आणणे, बरोबरचे आणायला पुन्हा जाणे, ते उघडण्याचे धैर्य गोळा करणे, धुराचा भोंगा गप्प करणे आणि शेवटी भांडे खरवडणे यांचा त्या पंधरा मिनिटांत समावेश नसतो. पाहुण्यांसमोर ताटली ठेवून "काही नाही हो, आत्ता पटकन केलं" असे म्हणायला लागणारा वेळही त्यात धरलेला नाही. वास्तविक सगळा उद्योग त्या एका वाक्यासाठीच केलेला असतो.

या वर्गाचा उगम केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरातला. तिथले बेकर लाइव्हली विलोबी यांनी कच्चे पीठ कापून डब्यात बंद करून विकण्याची युक्ती काढली आणि १९३१ मध्ये तिचे पेटंट मिळवले. युक्ती ऐकायला सोपी होती, पण पिठाला ती मान्य नव्हती. फुगवणारी द्रव्ये घातलेले पीठ कुठल्याच भांड्यात गप्प बसत नाही. थंडीत त्याचा वेग मंदावतो, इरादा तोच राहतो. विलोबींचे सुरुवातीचे डबे फुटत असत आणि छताला चिकटलेले पीठ खरवडून काढायचे काम त्यांच्या मुलाकडे येई, असे सांगतात. शोधांच्या इतिहासात शिडीवर उभ्या असलेल्या अशा मुलांना सहसा जागा मिळत नाही. पुढे हा माल लुइव्हिलच्याच बॅलर्ड अँड बॅलर्ड या पिठाच्या कंपनीने बाजारात आणला आणि १९५१ मध्ये ती कंपनी पिल्सबरीने घेतली. आता डबा संशोधकाकडे फुटत नाही. फुटण्याचा मान रीतसर गिऱ्हाइकाकडे आला आहे.

डब्याच्या आतला कारभार असा. पिठात खाण्याचा सोडा असतो आणि त्याच्या जोडीला सोडियम ॲसिड पायरोफॉस्फेट नावाचे एक आळशी आम्ल. दोघांची गाठ पडली की कार्बन डायऑक्साइड सुटतो; पण हे आम्ल थंडीत फारसे हातपाय हलवत नाही, त्याला ओव्हनची ऊब लागते. डबा भरताना थोडी जागा मोकळी सोडतात. पीठ आतल्या आत फुगून ती जागा व्यापते, हवा बाहेर ढकलते आणि मग दोन्ही बाजूंच्या पत्र्याच्या झाकणांना रेटत बसते. डबा म्हणजे पुठ्ठ्याची पट्टी तिरकी गुंडाळून केलेली नळी; तिची शिवण हाच काय तो पीठ आणि स्वयंपाकघर यांच्यामधला बंदोबस्त. म्हणून डबा शीतकपाटातच ठेवायचा. तो मोटारीच्या मागच्या सीटवर उन्हात विसरला तर काय होते, याची एक लोककथा अमेरिकेत वर्षानुवर्षे फिरते आहे: दुकानाबाहेर गाडीत एक बाई डोक्याची मागची बाजू दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेली आहे, विचारल्यावर म्हणते, "मला गोळी लागली आहे, मेंदू आत धरून ठेवला आहे." तो मेंदू म्हणजे डब्यातून उडालेले पीठ. ही बाई कोणाला प्रत्यक्ष भेटलेली नाही. मात्र सांगणाऱ्या प्रत्येकाच्या मावसबहिणीची शेजारीण तिला नक्की ओळखत असते.

डबा उघडण्याची कृती त्याच्यावरच छापलेली असते. कागद सोलत जावा. शिवण उघडी पडली की डबा आपोआप फुटेल. न फुटल्यास चमच्याची मागची बाजू शिवणीवर दाबावी. 'आपोआप' म्हणजे नेमके कधी, याबद्दल मजकूर मौन पाळतो. या मौनामुळे माणसांचे दोन तट पडतात. एक, डोळे मिटून, मान वळवून, डबा हातभर लांब धरून कागद सोलणारे. दुसरे, तो दुसऱ्याच्या हातात देणारे. दुसरा तट मोठा आहे. बर्फाच्या वादळात न्यू जर्सी टर्नपाइकवरून गाडी हाकणारा, नोकरकपातीची बातमी शांतपणे ऐकणारा गृहस्थही यात मोडतो.

"अरे, तो डबा उघड ना जरा."

"मी मीटिंगमध्ये आहे."

"आज रविवार आहे."

"उद्याच्या मीटिंगच्या तयारीत आहे."

अखेर भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई पुढे होतात. आयुष्यभर शिट्टी अडकलेल्या कुकरशी दोन हात केलेले असल्यामुळे दाबाखालच्या भांड्यांबद्दल त्यांना काडीचे भय नसते. 'फट्' असा आवाज होतो, सून किंचाळते, मीटिंगवाले धावत येतात आणि सासूबाई पिठाकडे बघून विचारतात, "एवढंच? मला वाटलं आत काहीतरी असेल."

ज्या वस्तूला बोट लावायला घरातला कर्ता माणूस धजत नाही, तिच्या जाहिरातीत पोटात बोट खुपसल्यावर खुदकन हसणारा पिठाचा मुलगा असावा, यात जाहिरातकलेची थोरवी आहे. हा 'पॉपिन फ्रेश' १९६५ मध्ये शिकागोच्या लिओ बर्नेट या जाहिरातसंस्थेत रूडी पर्झ यांच्या डोक्यातून निघाला. उंची पावणेनऊ इंच, डोक्यावर टोपी, गळ्यात रुमाल. तो डब्यातूनच टुणकन बाहेर पडे. डबा फुटण्याच्या क्षणी ग्राहकाच्या छातीत जे धस्स होते त्याचे या मुलाने बाळलीलेत रूपांतर केले.

पिठाचे प्रकार बरेच, पण दालचिनीच्या कामाला दोन पुरतात. पहिला चंद्रकोरी रोलचा. साधारण २२६ ग्रॅमच्या डब्यात आठ त्रिकोण निघतात. ते छिद्रांच्या रेघांवर सुटे करायचे असतात आणि ते नेमके त्या रेघा सोडून इतरत्र फाटतात. दुसरा बिस्किटांचा. इथले बिस्किट म्हणजे मऊ, जाडसर, पावाच्या वळणावर गेलेली चकती. चहात बुडवायला ती आणली तर बुडते आणि परत येत नाही. तिसरा प्रकारही आहे: दालचिनी आधीच भरलेले रोल, सोबत वरून ओतायच्या साखरेची डबी. चवीला यात काही वावगे नाही. अडचण वेगळी आहे. यात करणाऱ्याला करायला काहीच उरत नाही, आणि "पटकन केलं" म्हणताना जीभ अडखळते. स्वतः साखर घोळवली असेल तर अडखळत नाही. माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीची किंमत पाव वाटी साखर असल्याचे यावरून दिसते.

या विषयावर एक प्रसिद्ध आख्यायिका आहे. तयार केकचे मिश्रण खपेना, तेव्हा अर्न्स्ट डिश्टर या मानसशास्त्रज्ञाने सांगितले म्हणे, की अंड्याची भुकटी काढून टाका. गृहिणीला स्वतःच्या हाताने अंडे फोडू द्या, म्हणजे केक आपण केला असे तिला वाटेल. आख्यायिका पूर्णपणे खरी नाही. ताजे अंडे घालायची मिश्रणे १९३० च्या दशकातच निघाली होती. तरी ती टिकून आहे, कारण ऐकणाऱ्या प्रत्येकाला शेजारीण आठवते. स्वतः कोणालाच आठवत नाही.

आता दालचिनी. अमेरिकेत या नावाने मिळणारी पूड बहुतेक कॅसियाची असते, म्हणजे इंडोनेशिया, व्हिएतनाम किंवा चीनमधल्या झाडांची साल. ती जाड, टणक आणि वासाने धीट. श्रीलंकेची दालचिनी पातळ, ठिसूळ, अनेक पदर एकात एक गुंडाळलेली आणि स्वभावाने सौम्य. महाराष्ट्रातल्या मसाल्याच्या डब्यात 'दालचिनी' म्हणून जो लाकडी तुकडा पडलेला असतो तोही सहसा कॅसियाच. दोन्हींचा वास मुख्यतः सिनॅमाल्डिहाइड या एकाच द्रव्याचा. पण या वासाचा अर्थ कोणत्या घरात नाक वाढले यावर अवलंबून असतो. अमेरिकन नाकाला त्यात नाताळ, आजी आणि सफरचंदाचा पाय येतो. मराठी नाकाला मसालेभात येतो.

"अगं, बिर्याणी टाकली आहेस का?"

"नाही हो आई, गोड आहे."

"गोडात दालचिनी?" थोडा वेळ शांतता. "वेलची संपली असेल तर माझ्या बॅगेत आहे."

इथे वेलचीचा मोह पडतो. जायफळाचा तर फारच. तो आवरणाऱ्यांनी दालचिनी तरी विकतची पूडच वापरावी. लालबागहून आणलेली घरची दालचिनी मिक्सरमध्ये फिरवण्याचा उत्साह काही घरांत असतो. कॅसियाची साल मिक्सरला दाद देत नाही, आणि बारीक झाली असे वाटून वापरलेल्या पुडीतली एखादी काडी हमखास सर्वांत ज्येष्ठ पाहुण्याच्या कवळीखाली जाते. प्रमाण सोपे आहे: पाव वाटी साखरेला एक मोठा चमचा दालचिनी. मिश्रण किती लागेल याचा अंदाज मात्र कोणालाच येत नाही. ते अर्धे उरते. ते उरू नये म्हणून आणखी एक डबा आणला की ते कमी पडते.

सर्वांत लोकप्रिय पदार्थ म्हणजे मंकी ब्रेड. बिस्किटांच्या चकत्यांचे चार-चार तुकडे करायचे, साखर-दालचिनीत घोळवायचे, मध्ये भोक असलेल्या बंट भांड्यात रचायचे आणि वरून वितळलेले लोणी व तपकिरी साखर ओतायची. ३५० अंशांवर सुमारे अर्धा तास भाजायचे. (अंश फॅरनहाइटचे, सेल्सिअसमध्ये १७७. हे वेळेवर न सांगितल्यास "साडेतीनशे? कोळसा होईल!" असे म्हणून कोणीतरी बटण परस्पर खाली फिरवते आणि पाहुणे जाईपर्यंत पीठ कच्चे राहते.) या पदार्थाची पाळेमुळे हंगेरीच्या 'अरनीगालुश्का' या पदार्थात सापडतात. तिथे पीठ घरी मळतात, यीस्टने फुगवतात, गोळे लोण्यात आणि अक्रोडाच्या कुटात घोळवतात. अमेरिकेत तो हंगेरियन ज्यूंबरोबर आला आणि काही दशकांत डब्यात शिरला. रोनाल्ड रेगन राष्ट्राध्यक्ष असताना नॅन्सी रेगन यांनी मंकी ब्रेड व्हाइट हाउसच्या नाताळच्या मेजावरही नेला. राजाश्रय मिळाल्यावर कोण कोणत्या डब्यातून आले हे विचारत नसतात.

बंट भांडे मिनेसोटाच्या नॉर्डिक वेअर कंपनीच्या डेव्हिड डॅलक्विस्ट यांनी १९५० मध्ये घडवले. ते दिसायला देखणे, आतून खाचाखोचांचे, आणि या खाचांतच पुढचे नाट्य आहे. भाजून झाल्यावर पदार्थ ताटलीवर उपडा करायचा असतो. फार लवकर केला तर वितळलेली साखर ओघळते आणि रचना कोसळते. उशीर केला तर साखर थिजते आणि पदार्थ भांड्याचा अविभाज्य भाग होतो. मधली पाच-दहा मिनिटे सुरक्षित. पण तेवढ्यात ओव्हनभोवती सगळे घर जमलेले असते आणि प्रत्येकाजवळ सल्ला असतो.

"सुरी फिरवून घे कडेनं."

"सुरी नको, भांड्याचं कोटिंग जाईल. नुसतं आपट."

"आपटू नको, ओला फडका ठेव वर."

"यूट्यूबवर बघू का?"

"एक, दोन..." आणि 'तीन'च्या आधीच ताटली कोणीतरी हलवतो. पदार्थाचा अर्धा भाग ताटलीवर, पाव भाग भांड्यात, आणि उरलेला पाव ओट्यावरून थेट तोंडात जातो. अंगठी सोडवल्यासारखा अखंड उतरलेला मंकी ब्रेड मुख्यतः छायाचित्रांत आढळतो. घरगुती मंकी ब्रेड बोटांनी तोडून खायचा असतो, त्यामुळे तो आधीच तुटलेला असणे ही सोय समजावी. प्रस्तुत लेखकाचा या क्षेत्रातला अधिकार ओट्यावरच्या त्या पाव भागापुरता आहे, पण तेवढ्यापुरता तो निर्विवाद आहे.

याच मिनेसोटातून दुसरा पदार्थ आला. पिल्सबरी १९४९ पासून 'बेक-ऑफ' नावाची पाककृतींची स्पर्धा भरवत असे. पहिली न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलात झाली आणि तिला एलिनॉर रूझवेल्ट हजर होत्या. त्या वर्षीच्या विजेतीने पीठ स्वतः भिजवले होते, टॉवेलात गुंडाळून कोमट पाण्यात फुगवले होते. १९६९ मध्ये एडना होल्मग्रेन यांनी डब्यातले पीठ वापरून पहिला क्रमांक पटकावला. दोन दशकांत स्पर्धकांचे श्रम वाचले. आणि श्रम किती वाचले यालाही बक्षीस मिळू शकते, हे राष्ट्राला कळले. त्यांची कृती अशी: मार्शमेलो लोण्यात बुडवायचा, दालचिनी-साखरेत घोळवायचा, चंद्रकोरी पिठाच्या त्रिकोणात गुंडाळून चिरा चिमटून बंद करायच्या आणि ३७५ अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे भाजायचे. बाहेर काढून फोडावे तर आत मार्शमेलो नाही. तो म्हणजे साखर, पाणी आणि हवा यांना जिलेटिनने धरून ठेवलेली गोळी. उष्णतेने जिलेटिन सैल पडते, साखर लोण्यासह पिठात मुरते आणि मध्ये गोड, चकचकीत पोकळी राहते.

"आत काय घातलं होतंस?"

"मार्शमेलो."

"मग गेला कुठं?"

"तीच तर गंमत आहे."

नगरपालिकेच्या रस्त्यातल्या डांबराबद्दल ठेकेदार हेच सांगतो. फरक इतकाच, की इथे पोकळी चवीला चांगली लागते. चिरा नीट चिमटल्या नसतील तर सगळा ऐवज ट्रेवर वाहून जातो आणि पोकळी तशीच राहते, फक्त तिला चव नसते. शाकाहारी घरांत गंमत आणखी लवकर संपते. चार खाऊन झाल्यावर कोणीतरी चष्मा लावून पाकिटाची मागची बाजू वाचते. "जिलेटिन म्हणजे कशापासून गं?" या प्रश्नाला "बघायला हवं" असे उत्तर देणारा माणूस पाचवा उचलताना दिसतो.

भाजण्याच्या काळातला मुख्य धोका लोण्याचा आहे. ट्रेची कड बुटकी असेल तर ते ओव्हनच्या तळावर सांडते, त्याच्यामागून साखर येते, ती जळते आणि धूर होतो. अमेरिकन घराच्या छताला धुराचा भोंगा असतो. मराठी कुटुंबांची या यंत्राशी जुनी ओळख असते, कारण ते मिरचीच्या प्रत्येक फोडणीला हजेरी लावते. त्यामुळे कवायत पाठ असते: एकाने खिडकी उघडायची, एकाने खुर्चीवर चढून टॉवेल फडकवायचा, एकाने शेजाऱ्यांना दारातून "ऑल गुड!" म्हणायचे. आजवर ही कवायत ठसक्यासह होत असे; दालचिनीमुळे ती प्रथमच सुवासिक होते. ट्रेखाली दुसरा ट्रे ठेवला तर यातले काहीच घडत नाही. पण दुसरा ट्रे ओव्हनमध्येच नेहमी साठवलेल्या कढया, तवे आणि इडलीपात्र यांच्याबरोबर आधीच बाहेर काढून कुठेतरी ठेवलेला असतो.

परदेशातल्या मराठी घरांत हा डबा दालचिनीपुरता राहिलेला नाही. बिस्किटाची चकती लाटून तेलात सोडली की टम्म फुगते आणि छोल्यांबरोबर भटुरा म्हणून खपते. तिथल्या भारतीय घरांत ही युक्ती आता कुलाचारात जमा आहे. तिची थोरली बहीण म्हणजे बिस्क्विकचे गुलाबजाम. बिस्क्विक हे तयार मिश्रण १९३१ च्या सुमाराचे, म्हणजे विलोबींच्या पेटंटच्याच वयाचे. त्यात दुधाची पावडर घालून तळलेले गोळे पाकात टाकले की खवा न मिळाल्याचे दुःख दोन दिवाळ्यांत विसरले जाते. मंडळाच्या गणपतीत प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा असतो. तिथे या सगळ्या वस्तू एका टेबलावर येतात, 'घरी केलेले' या मथळ्याखाली. कोणी कोणाला डबा कोणता असे विचारत नाही. सगळ्यांनी एकमेकांना त्याच शीतकपाटापाशी पाहिलेले असते.

श्रेयाचे वाटप पदार्थ संपल्यावर होते. सून सांगते, मी केलं. नवरा सांगतो, डबा मीच आणला, तोही दोनदा. मुले सांगतात, घोळवलं आम्ही, आणि याला दुजोरा सोफ्यावरची साखर देते. सासूबाई गप्प असतात. त्या रात्री पुण्याला फोन लागतो. "अगं, इथे एक दालचिनीचं करतात, काही कठीण नाही. डबा तेवढा उघडता आला पाहिजे. इथे कोणाला येत नाही." पुढे त्यात जायफळ घालायला आपणच सांगितले, हेही कळवले जाते. जायफळ त्या पाठीमागून खरोखरच घालून गेलेल्या असतात, आणि सर्वांनी कौतुक केलेली 'काहीतरी वेगळी चव' तीच असते.

हे पदार्थ गरम असतानाच खावेत. दुसऱ्या दिवशी ते चिवट होतात. मायक्रोवेव्हमध्ये दहा-पंधरा सेकंद ठेवले की मऊ पडतात आणि तेवढ्यात न खाल्ल्यास पहिल्याहून चिवट होतात. भांड्याला चिकटलेली साखर खरवडू नये, गरम पाणी ओतून ठेवावे, ती विरघळते. उरलेली दालचिनी-साखर बरणीत भरून महिनोन्‌महिने टिकते. पावाच्या भाजलेल्या कापाला लोणी लावून ती वर भुरभुरवली तर दोन मिनिटांत जवळजवळ हीच चव मिळते. त्याला डबा लागत नाही, ओव्हन लागत नाही, धूर होत नाही, भांडे चिकटत नाही. म्हणूनच तो पदार्थ पाहुण्यांसमोर कोणी ठेवत नाही.